चिंगी आणि अफूचा खटला

चहा घ्या आधी, आणि पूर्ण ऐकेपर्यंत हसायचं नाही. मी, बँकेतली पन्नाशीची ऑफिसर बाई, चेन्नईत फौजदारी वकील शोधत फिरले. कशासाठी? अमली पदार्थ बाळगल्याबद्दल!

झालं असं, प्रमोशन घेतलं आणि बदली मैलापूरला आली. नवरा साताऱ्यात, मुलगी पुण्यात. शाखेत दिवसभर 'ओके मॅडम, सरि मॅडम' चालायचं. संध्याकाळी फ्लॅटचं दार लावलं, की सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. दिवाळीला अनारशांसाठी खसखस आणून ठेवली होती. पण एकटीसाठी कुठे अनारसे घालत बसायचं? ती पुडी बाल्कनीतल्या कुंडीत पेरून टाकली. म्हटलं, घरात काहीतरी जिवंत असू दे.

आणि उगवलं की हो! हिरवंगार रोप, पांढरी इवली फुलं, मग हिरवी गोल बोंडं. मी तिचं नाव चिंगी ठेवलं. रोज पाणी घालताना तिला सगळ्या स्टाफच्या चहाड्या सांगायचे. माझं सगळं मराठी तिच्यावरच खर्च व्हायचं.

एक दिवस कौतुकाने शाखेतल्या उमाला सांगितलं. ती किंचाळलीच, "अय्यो मॅडम! खसखस म्हणजे अफूचं बी! झाड लावणं गुन्हा आहे!"

मग काय, मोबाइलवर कायदा वाचत बसले. विनापरवाना अफू लावली तर सक्तमजुरी! नोकरी जाणार, पेन्शन जाणार, साताऱ्याच्या पेपरात फोटो येणार. उपटून टाकावं, तर पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा. आणि खरं सांगू? उपटायला हात धजावलाच नाही.

इंटरनेटवर एका वकिलाचा नंबर मिळाला. घाबरत फोन लावला.

"क्वांटिटी सांगा मॅडम."

"एक."

"एक किलो?"

"एक झाड."

"कुठे पकडलं?"

"बाल्कनीत. म्हणजे, अजून कुणी पकडलेलं नाही."

"मग पकडल्यावर फोन करा," म्हणाला आणि ठेवून दिला.

तेव्हा मला राव वकील आठवले. पंचाहत्तरीचे तंजावरी मराठी गृहस्थ, लॉकरसाठी आमच्या शाखेत यायचे. रविवारी चिंगीला कुंडीसकट ओढणीत गुंडाळलं, रिक्षात मांडीवर घेतलं आणि निघाले. सिग्नलला पोलीस दिसला, तशी मी ओढणी आणखी घट्ट ओढली. बाळाला ताप आहे का, असं रिक्षावाल्याने खुणेने विचारलं. मी हो म्हटलं. काय करणार?

"बैसा बाई. काय जाहलें?" राव वकील म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किती महिन्यांनी कुणी मराठीत 'बस' म्हणत होतं! गाठोडं खुर्चीखाली सरकवलं आणि सुरुवात केली.

"माझ्या एका मैत्रिणीकडे अफूचं झाड आहे..."

"भिऊं नका. झाड लावणें एक गुन्हा, माल बाळगणें दुसरा. दोहोंत कोर्ट पहिलें हेंच पुसतें, तिला ठाऊक होतें काय? नकळत कोणी ठेविलें असेल तर सोडवूं."

"रोज पाणी घालते ती."

"हं."

"बोलतेसुद्धा त्याच्याशी."

वकिलांनी चष्मा काढला. "झाडाशीं?"

"नाव ठेवलंय. चिंगी."

"मग अस्कें, सगळेंच संपलें! नांव ठेविलें म्हणजे जाणूनबुजून ताबा. तुमच्या मैत्रिणीस बोलायला घरांत दुसरें कोणी नाहीं काय?"

"नाही हो, कुणीच नाही!" मी म्हणाले आणि हमसाहमशी रडायलाच लागले. मैत्रीण राहिली बाजूला!

रडणं ऐकून त्यांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या. सगळे त्यांना मामी म्हणतात. त्यांनी मला पाठीवर थोपटलं, खाली वाकून गाठोडं सोडलं आणि एक पान चुरगाळून वास घेतला.

"हें अफू? हें मणत्तक्काळी कीरै! तोंड आलें तर याची भाजी खातांत. चिमण्या बी टाकतांत, कोठेंही उगवतें."

म्हणजे खसखशीचा एक दाणाही उगवला नव्हता. ज्या पालेभाजीच्या जुड्या बाजारात ढिगाने मिळतात, तिला घेऊन मी बाळंतिणीसारखी शहरभर हिंडले होते! राव वकिलांना हसून हसून ठसका लागला. मी त्यांच्यापेक्षा जास्त हसले. कुणाबरोबर तरी हसून किती दिवस झाले होते.

मामींनी तिथल्या तिथे पानं खुडली, डाळ घालून भाजी केली आणि जेवायला बसवून घेतलं. मी चिंगी दोनदा मागून घेतली.

निघताना मामी म्हणाल्या, "येत जा." पण वकिलाच्या घरी कामाशिवाय कसं जायचं? दोन रविवार घरीच बसून काढले. तेव्हा पुढच्या रविवारसाठी एखादा छोटासा, जामीनपात्र गुन्हा सुचत असेल तर सांगा!