रात्रीचा अर्धा वाटा

भुरीबाईच्या घरातलं नेट पहिल्यांदा रात्री नऊच्या ठोक्याला बंद झालं, तेव्हा तांड्यातल्या सतरा जणांनी एकदम माना वर केल्या. घराच्या मागच्या भिंतीला पाठी टेकून, मधे शेकोटी पेटवून बसलेली ही मंडळी. कुणाची कुस्ती अर्धी राहिली, कुणाचं गाणं, कुणाचं गुपचूप चाललेलं बोलणं. पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली. मग तांड्याच्या नायकाचा पुतण्या रजत उठला आणि खिडकीवर टकटक करून म्हणाला, "काकी, डब्बा बंद पडला वाटते. पाहून घे ना जरा."

आतून आवाज आला, "पडला नाई, मीच बंद केला. उद्या पाच वाजता येजा."

"पाच वाजता म्हणजे सकाळच्या?"

"सकाळच्या. आता घरी जाऊन झोपा."

दारव्ह्याकडच्या त्या तांड्यात भुरीबाईला सगळे भांडकुदळ म्हणत. हा तिच्यावर अन्याय होता. ती भांडत नसे. एकदा तोंडातून निघालेला शब्द ती परत घेत नसे, एवढंच, आणि लोकांना तेच जास्त झोंबत असे. साठीला टेकलेली, अंगाने काटकुळी बाई, पण दोन शेतं ओलांडून जाईल असा आवाज. तिचा नवरा पूनमसिंग गरीब स्वभावाचा माणूस. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही ती बोलायला लागली की तो विडी शोधायला उठे.

लग्न होऊन आली त्याच वर्षी ती पूनमसिंगबरोबर ऊसतोडीला गेली. कारखान्यामागे खोपटांची रांग, एकाला लागून दुसरं, समोर बैलगाड्या आणि गाड्यांखाली झोपलेले पुरुष. अंधार पडला की बाई अडकली. इतक्या पुरुषांना ओलांडून जायचं कुठे आणि कसं? म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही, हे तिथल्या बायकांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलं. सोळा हंगाम तिने असे काढले. मुलगा शाम पोटात असताना सातव्या महिन्यात तिला जळजळ होऊन ताप भरला, तर मुकादमाने येऊन विचारलं, कोयता किती दिवस बसून राहणार. त्या मुकादमाचं नाव ती अजून विसरलेली नाही, आणि चांगल्या शब्दांबरोबर ते कधी घेतही नाही.

शेवटच्या हंगामाचे पैसे हातात आले तेव्हा पूनमसिंगला मोटारसायकल घ्यायची होती. भुरीबाईने विटा आणल्या. घराच्या भिंती मातीच्या, वर पत्रे, आणि मागे पक्का सिमेंटचा संडास. अख्खा तांडा हसला. हसा म्हणाली. पुढे शामचं लग्न होऊन शीला घरात आली, तेव्हा सासूने तिला चुलीच्या आधी मागचं अंगण दाखवलं. "कडी आतून लागते, लावून पाह्य. रातच्या कितीबी वाजता ये. या घरात कोनी इचारणार नाई."

शीलाने त्या दिवशी पदराआड तोंड करून हसू दाबलं. अशी सासू तिने ऐकलीसुद्धा नव्हती. ती तिला पहिल्यापासून याडी, म्हणजे आईच म्हणे.

मग आलं नेट. शाम पांढरकवड्याला ट्रकवर. आज हैदराबाद, परवा नागपूर. तांडा टेकडीच्या खोबणीत, मोबाइलची रेंज येईल तर येईल. बायकोचं तोंड तरी दिसावं म्हणून शामने घरी वायफाय घ्यायचं ठरवलं. कंपनीचा माणूस म्हणाला, तीस फुटी लोखंडी खांब उभा करा, त्यावर छत्री लावू, तरच जमेल. तीस फुटी खांब काही सासू-सुनेला उभा होणार नव्हता. नायक शंकरसिंगने हाक दिली, पंधरा जण दोर घेऊन आले, अर्धा दिवस खपले आणि खांब उभा राहिला.

तांड्याचा रिवाज जुना आहे. दहा हातांनी आलेलं दहा घरांचं. बोकड कापला तर नायकाच्या घरी जेवढा वाटा, तेवढाच एकट्यादुकट्या म्हातारीच्या घरी. फक्त ज्या घरात बाई पोटुशी असेल, तिथे दीड वाटा जातो. वरचा अर्धा पोटातल्या जिवाचा, आणि तो न मागता पोचवायचा असतो. शंकरसिंगच्या हातून वाटा कधी चुकला नाही, याचा त्याला पागोट्यापेक्षा जास्त अभिमान. खांब उभा झाला त्या दिवशी तो म्हणाला, "भुरीबाई, नेट तांड्याचं." ती म्हणाली, "तांड्याचं." आणि पासवर्ड ज्याने मागितला त्याला दिला.

पण नेटचा डबा मागच्या खोलीत, आणि त्याचा जोर मागच्या भिंतीपुरताच. त्यामुळे अख्खा तांडा येऊन बसू लागला तो नेमका मागच्या अंगणात, संडासापासून सात-आठ पावलांवर. दिवसा कुणाचं फारसं काही नव्हतं. पोरी कॉलेजचा अभ्यास करत, म्हातारे कापसाचा भाव पाहत. रात्री मात्र जेवणं आटोपून पुरुष जमत ते एक-दोन वाजेपर्यंत. दिवाळीनंतर थंडी पडली तशी शेकोटी आली. तिचा उजेड सरळ संडासाच्या दारावर. त्या बसणाऱ्यांतले चार-पाच नात्याने शीलाचे जेठ, म्हणजे थोरले दीर लागत. जेठासमोर सुनेने घुंघट घ्यायचा, त्याच्यापुढून जायचं नाही. मग हातात टमरेल घेऊन जायची तर गोष्टच सोडा.

पूनमसिंगने त्यांना एकदा सांगून पाहिलं. पोरं दहा पावलं सरकली, नेट तुटलं, पुन्हा दहा पावलं जवळ आली. भुरीबाईने शेकोटीवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी लाकडं जास्त होती. "आमच्या माना तं मोबाइलमधी असतेत, काकी," रजत म्हणाला. "आमी कायले पाहून राह्यलो कोनाकडे?" त्याचं खोटंही नव्हतं. पण ते खरं असून शीलाच्या काही कामाचं नव्हतं.

शीला पोटुशी होती. तिला सातवा महिना लागला आणि एका सकाळी ती उठलीच नाही. अंग तापलेलं, ओटीपोट धरून बसली. सासूने तिला जीपमध्ये घालून दारव्ह्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "पाणी किती पितेस?" शीलाने सासूकडे पाहिलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "चार वाजेपर्यंत पिते." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लघवीत जंतू झाले आहेत, त्या म्हणाल्या. पाणी पी, अडवून धरू नकोस, असंच चालवलंस तर पोर वेळेआधी येईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

भुरीबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो आधी स्वतःचाच. चाळीस वर्षांपूर्वीची ती खोपटांची रांग आपणच खांब लावून आपल्या अंगणात आणली, हे तिला त्या दवाखान्यात कळलं.

संध्याकाळी तिने शेजारच्या पायलला बोलावलं. पायल अकरावीला, रोज दारव्ह्याला जाणारी, मोबाइलमध्ये हुशार. "पासवर्ड बदलून देऊ का, दादी?" तिने विचारलं.

"नाई. शब्द देला हाय मी. दिवसभर सगळ्यायले पाह्यजे. फक्त रातचं नाई पाह्यजे. मी रोज बटन दाबाले बसू का?"

"बसाचं काम नाई. यात टाइम लावता येते. रोज आपल्या मनानंच बंद, आपल्या मनानंच चालू."

"मंग लाव. जेवनं झाले की बंद, अन् शुक्राची चांदनी वर आली की चालू."

"दादी, याले चांदनी नाई समजत. घंटे सांग."

दोघींनी हिशेब करून नऊ आणि पाच ठरवले. पायलचं बोट शेवटच्या बटणावर आलं तशी भुरीबाईने तिचा हात धरला आणि सुनेकडे वळली. शामची गाडी ढाब्यावर लागे ती दहानंतर. नवराबायकोचं बोलणं होई ते तेव्हाच. "तुहं बोलनं बंद पडन, शीला. तू नाई म्हनशीन तं नाई लावत."

शीला म्हणाली, "बोलनं सकाळी होते, याडी. हे सकाळपर्यंत नाई थांबत."

पायलने बटण दाबलं.

तीन रात्री नेट बरोबर नऊला गेलं. चौथ्या दिवशी नायकाचं बोलावणं आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या पारावर. आदल्या संध्याकाळी पूनमसिंगने विडी विझवून धीर केला. "कारण नको सांगू," तो म्हणाला. "सुनेची असी गोष्ट चार मानसात कोनी काढते का? मशीन बिघडली म्हन."

"मशीन नाई बिघडली. मानसं बिघडले."

"लाज जाईन आपली."

"लाज तिची जाऊन राह्यली रोज, तुमाले तवा नाई दिसली," भुरीबाई म्हणाली. "उद्या या नाही तं नका येऊ."

तो आला, पण मागे उभा राहिला. पारावर पंचवीस-तीस माणसं. बायका बैठकीत बसत नसत. भुरीबाई जाऊन पाराच्या पहिल्या पायरीवर बसली.

शंकरसिंगने सावकाश सुरुवात केली. "खांब कोनं उभा केला, भुरीबाई?"

"तांड्यानं."

"मंग नेट कोनाचं?"

"तांड्याचं. मी कधी नाई म्हनलं?"

"मंग रातचं बंद काहून? तुह्या एकटीच्या मनानं चालन का? नाई तं जेनं खांब उभा केला तो खांब काढूबी शकते."

मागून रजत म्हणाला, "आजच काढू."

"काढा," भुरीबाई म्हणाली. "दोर माह्याच घरी हाय, तुमीच ठेवून गेलते. पन काढाच्या आधी एक इचारते, नायक. आपल्या तांड्यात पोटुशी बाई असन त्या घरी वाटा किती?"

"दीड," शंकरसिंग लगेच म्हणाला. हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं.

"माह्या घरी सून सात महिन्याची हाय. बोकड कापला तवा दीड वाटा आला, बरोबर आला. नेटचा किती आला?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"नाई समजत असन तं सांगते. तुमी सतरा जन रातचे माह्या संडासापुढं शेकोटी लावून बसता. तं माही सून चार वाजल्यापासून पानी पेत नाई. रातभर अडवून धरते, काहून का तिचे जेठ बसले असतेत दाराशी. दारव्ह्याची डॉक्टरीन म्हनते लेकरू कच्चं पडन." आवाज चढला नव्हता, पण पारापलीकडच्या हातपंपावरच्या बायकांनीही हंडे खाली ठेवले होते. "दिवसाचा एक वाटा मी सगळ्यायसारखा घेतला. तो पोटातल्याचा अर्धा राह्यलाच होता. न मागता द्याचा असते, कोनी देला नाई. मंग मी आपल्या हातानं घेतला. रात्र घेतली."

पूनमसिंग मागून पुढे आला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला. विडी त्याने शोधली नाही.

शंकरसिंगचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्या वाट्याच्या जोरावर मान ताठ ठेवली, तोच चुकला म्हणून चारचौघांत सांगितलं गेलं होतं. पण तो नायक होता, आणि नायकाला सहजासहजी हरता येत नाही. घसा साफ करून तो म्हणाला, "ठीक हाय. वाटा खरा. बायतीन होईपर्यंत रातचं बंद राहू दे. लेकरू झालं की अर्धा वाटा संपला, मंग पयल्यासारखं चालू करजो."

दोघातिघांनी मान डोलावली. तोड बरी वाटली. भुरीबाई उठून उभी राहिली.

"लेकरू झालं की वाटा संपत नाई, नायक. पोटात असते तवा अर्धा असते. बाहेर आलं की मानूस होते अन् मानसाचा वाटा पुरा. आज नऊले बंद करते. मंग आठले करीन."

हातपंपाकडून एका बाईचं हसू ऐकू आलं, मग दुसरीचं. त्यांत शंकरसिंगची थोरली सूनही होती, आणि ती घुंघटाआड हसत असली तरी सासऱ्याला ऐकू जाईल इतकं हसली. त्याने तिकडे पाहिलं, मग रजतकडे, आणि पागोटं सारखं केलं. खांबाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. बैठक उठली असं कुणी म्हणालंही नाही. लोक आपापल्या कापसाला निघून गेले.

त्या रात्री नऊला डब्यावरचा हिरवा दिवा विझला. मागच्या अंगणात शेकोटीची राख तेवढी होती. शीलाने जेवण आटोपून माठातून लोटा भरून घेतला आणि सासूसमोर उभ्याने पिऊन रिकामा केला. मग सवयीने तो पालथा घालायला गेली.

"अजून घे," भुरीबाई म्हणाली.

शीलाने लोटा पुन्हा भरला.