गडग्यापासून दहा फूट

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मारुती आळीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात कंप्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मी. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. कंप्युटरच्या खोलीला एसी होता, चपला बाहेर काढायच्या होत्या आणि ऑफिसातल्या जुन्या माणसांनी मला विचारल्याशिवाय आत यायचं नव्हतं. हा शेवटचा नियम माझा.

जुनी माणसं म्हणजे खरं तर एकच. हाताने नकाशे काढणारे काका. पंचवीस वर्षं ते त्याच टेबलाशी बसत होते. जागेवर टेप घेऊन तेच जायचे, मापं वहीत लिहायचे आणि येऊन नकाशा काढायचे. त्यांच्या मापात सुताचाही फरक सापडत नाही, असं गवंडीसुद्धा सांगायचे. आता मापं त्यांनी आणायची आणि नकाशा मी काढायचा, अशी वाटणी झाली. त्यांनी कुरकुर केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

एकदा ते दारात उभं राहून बघत होते, म्हणून मी त्यांना स्नॅप दाखवला. नुसत्या नजरेने दोन रेघा जोडल्या तर पडद्यावर त्या जुळलेल्या दिसतात, पण मोठं करून पाहिलं की मध्ये फट असते. स्नॅप लावला की असं होत नाही. कर्सरभोवती एक छोटा चौकोन येतो, तो रेघेच्या टोकाजवळ नेऊन बटण दाबलं की कंप्युटर ते टोक नेमकं धरतो. काका खूश झाले. मग म्हणाले, "पण बाय, दोन टोकं जवळजवळ असली तर ह्याला कसं कळायचं गो, आपल्याला कुठलं हवंय ते?"

"त्याला कळतं, काका," मी म्हटलं. त्याला कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

पुढच्याच महिन्यात शहराबाहेरच्या एका वाडीतलं घराचं काम आलं. काकांच्या वहीत लिहिलं होतं, 'गडग्यापासून दहा फूट'. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचा रचलेला कुंपणाचा बांध, चांगला दोन फूट जाड. नकाशात तो दोन रेघांचा दिसतो, एक आतली कड आणि एक बाहेरची. आता गडग्यापासून म्हणजे त्याच्या आतल्या कडेपासून, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. माझे वडील दरवर्षी पावसाळ्यानंतर आमच्या बागेचा गडगा सारखा करायचे. मला हे कुणी शिकवायला नको होतं.

साहेबांना नकाशा दुपारच्या आत हवा होता. सगळी जागा पडद्यावर मावावी म्हणून मी चित्र लहान केलं होतं, त्यामुळे गडग्याच्या दोन्ही रेघा स्नॅपच्या त्या चौकोनात सापडल्या. मी बटण दाबलं आणि कंप्युटरने बाहेरचं टोक धरलं. तिथून मी दहा फूट मोजून घर मांडलं. नंतर अंतरं टाकताना आतल्या कडेपासून घरापर्यंतचं अंतर कंप्युटरने स्वतःच मोजून लिहिलं, आठ फूट. ते आठ मी पाहिलं. क्षणभर खटकलंही. पण नकाशा छापणाऱ्या प्लॉटरला कागद लावलेला होता.

त्या जागेत गडग्याला समांतर शेजाऱ्यांच्या पोफळींना पाणी नेणारा मातीचा पाट होता. नकाशात तो नव्हता, पण काकांनी दहा फूट धरले होते ते त्याच्यासाठीच. गवंड्याने आठ फुटांवर पाया खणला आणि पाट फुटला. एरवी त्याने काकांना येऊन विचारलं असतं. पण नकाशा कंप्युटरचा होता. शेजारी भांडायला उठले, काम बंद पडलं आणि घराचा मालक तणतणत ऑफिसात आला.

साहेबांनी काकांची वही मागवली. "गडग्याच्या आतून की बाहेरून? लिहिलंय कुठे?"

"सायेब, गडग्यापास्नं म्हंजे आतनंच की."

"ते तुमच्या डोक्यात. कंप्युटरला काय स्वप्न पडणार आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, तू सांग. गडग्यापास्नं म्हंजे तू कुठनं मोजशील?"

"वहीत लिहिलं नव्हतं, काका," मी म्हटलं.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आयुष्यात त्याहून मोठं खोटं मी बोललेले नाही.

त्यानंतर मापाला दुसरं कुणीतरी जाऊ लागलं. काका छापील नकाशांच्या घड्या घालत बसायचे. शिमग्याला गावी गेले ते परत आलेच नाहीत. साहेब म्हणाले, वय झालं. मी मान हलवली.

सांगायचं, सांगायचं करत मी वर्षभर काढलं. मग एका रविवारी एसटीने त्यांच्या गावी गेले. वाटेत वाक्यं तयार केली होती. काका अंगणातच बसले होते आणि त्यांच्यासमोर शेजारचा एक माणूस हात जोडून उभा होता. भावाभावांच्या हद्दीत नवा गडगा घालायचा होता, काकांनी दोरी धरून द्यावी म्हणून तो विनवत होता. काका नाही म्हणत होते.

"मापाचं मी सोडलंय रे," ते त्याला सांगत होते. "माझ्याकडनं चूक होते आता. एका माणसाचा पाट फोडला मी." मग मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "हिला विचार. ही आमच्या ऑफिसातली. हिचा नकाशा सुतानं चुकत नाय."

तो माणूस आशेने माझ्याकडे वळला. काकूंनी कोकम सरबत आणून हातात दिलं. तेवढ्यात काकांनी विचारलं, "आता लिवतात ना गो सगळे, आतनं की भायरनं ते?"

मी हो म्हटलं आणि सरबत पिऊन परतीची एसटी धरली.