पदराखालचा सौदा

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, सांगलीत, मी एका बाईचा हात धरून आमचं हळदीचं दुकान विकलं... हसू नका, खरं सांगतेय. मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. पंच्याण्णव वर्षांच्या बाईला एवढी सूट द्या.

आमच्या ह्यांना खोकला जडला होता. हळदीची धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुकान सोडा, नाहीतर बायकोला सांभाळायला दुसरं कुणीतरी बघून ठेवा. साताऱ्याला थोरल्या दिरांकडं जायचं ठरलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि पार घाबरून गेले होते.

दुकान घेणारा एकच माणूस होता... समोरचा तात्या, आमचा प्रतिस्पर्धी. शेतकऱ्याची गाडी कुणाच्या दारात सुटणार यावरून दोघांचं सहा वर्षं वाकडं. तोंडसुद्धा बघायचे नाहीत एकमेकांचं.

आता पंचाईत अशी, की हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. दुकानाच्या सौद्यात जितकी बोटं, तितके हजार. हे म्हणाले, "त्याच्या हाताला हात लावणार नाही." तात्याही तसाच हटून बसला.

शेवटी गंगूआक्कांनी, म्हणजे तात्याच्या बायकोनं, निरोप धाडला. पुरुषांना जमत नसेल तर आम्ही बायका बसतो!

ह्यांनी मला पढवून ठेवलं होतं. पाच बोटांपासून सुरू कर, चाराच्या खाली उतरू नकोस... आक्कांच्या स्वयंपाकघरात आम्ही पाटावर बसलो. आक्कांनी पदर पसरला, मी खाली हात घातला, आणि घाबरून पहिल्याच झटक्यात चारच बोटं धरली. केला की नाही गाढवपणा? आता ह्या तीन दाबणार, म्हणून मी डोळेच मिटले.

आक्कांनी माझा अख्खा पंजा धरला. पाच!

मी बोलायला तोंड उघडलं. "गप ऱ्हा," आक्का म्हणाल्या, "हात धरला की सौदा झाला. आता फिरायचं न्हाई."

घरी आकडा ऐकून हे खूश. "बायको वस्ताद निघाली," असं गल्लीभर सांगत फिरले... आणि मी लबाड, गप्प बसले.

निघायच्या दिवशी आक्का मोटार स्टँडवर दशम्या घेऊन आल्या. माझ्याच्यानं राहवलं नाही. ह्यांच्यादेखत कबूल केलं, की चूक माझी होती, पदरचं जास्त आक्कांनी दिलं.

"आवं वैनी, मी कुठली देतीय? आमच्या मालकांनीच सांगितलं हुतं. त्या कितीबी मागू देत, तू पंजा धर. भाऊला औषधपाण्याला लागतील म्हणालं."

ह्यांनी टपावर चढवलेली ट्रंक खाली उतरवून घेतली. ड्रायव्हर ओरडतोय, मी विचारतेय काय झालं, आणि हे ट्रंक डोक्यावर घेऊन तरातरा चालायला लागले... सरळ तात्याच्या दुकानात.

"तात्या, चार मागितल्यावर पाच देतोस? तुला धंदा कधी यायचा रं?"

तात्या गादीवरून उठला. "आधी बाहेर हो. धूळ हाय हितं." मग ओट्यावर घोंगडं टाकून दोघं बसले आणि सहा वर्षांची भांडणं एका दुपारी भांडले. मोटार तर गेलीच. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.

साताऱ्याच्या हवेत ह्यांचा खोकला गेला. पुढं तीस वर्षं जगले, आणि दरवर्षी चार दिवस सुट्टी काढून तात्याशी भांडायला सांगलीला जायचे. असा वैरी मिळायला नशीब लागतं बाबांनो... आम्हाला मिळाला.