चाओदीला मिळालेला कौल

जहाजावरची ती खोली मला आवडली होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, या म्हातारीला कुणाचं सुख बघवत नाही. खोली कसली, अख्खं घरच होतं ते. बसायची जागा वेगळी, झोपायची वेगळी, न्हाणीघरं दोन, आणि समुद्राकडची गॅलरी एवढी ऐसपैस की माझी सूपची गाडी तिथे लावली असती तरी गिऱ्हाइकांना बसायला जागा उरली असती. आमच्या गावच्या, कीलुंगच्या बंदरात अशी जहाजं मी जन्मभर खालून पाहिली. वरून बंदर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिलं तर काय, आमची गल्ली कुठली तेसुद्धा कळेना. नुसते पत्रे आणि त्यांवर पाऊस.

खोली चाओदीची, मी तिच्या सोबतीला. तिच्या भावाने, कुनशानने, बहिणीसाठी जहाजातली सगळ्यांत भारी खोली घेतली होती. गल्लीत नुसता गाजावाजा. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मीही म्हणाले असेन, काय सांगावं.

चाओदी लिएन माझी शेजारीण, आमच्या दोन घरांत एकच भिंत. लिएनांची थोरली लेक. मुलगी झाली म्हणून बापाने तोंड फिरवलं आणि नाव ठेवलं चाओदी, म्हणजे भावाला बोलावून आण. तिने आणला. कुनशान झाला तेव्हापासून तिच्याच कडेवर वाढला. तिची शाळा सुटली, ती मासळीच्या कारखान्यात डबे भरायला लागली, आणि तिकडे भाऊ शिकला. स्थळं येत होती, नाही असं नाही. एक तर बोटीवरचा इंजिनवाला होता, चांगला देखणा. पण तेवढ्यात बाप अंथरुणाला खिळला. त्याचं हगणंमुतणं हिने काढलं. तो गेला तर आईचं डोकं फिरलं. तिला भरवायचं, ती घास थुंकायची, परत भरवायचं. आई गेली तेव्हा हिला बघायला कोण येणार होतं?

घरात वरच्या मजल्यावर पितरांचा देव्हारा. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, अमावास्या-पौर्णिमेला फळं, सणाला अख्खी कोंबडी आणि मासा. हे सगळं चाओदी करायची. कुनशानची बायको लीजू हिला गुडघ्यांचं निमित्त होतं, बाजारात जाताना मात्र ते गुडघे कधी दुखले नाहीत. पण त्या देव्हाऱ्यात चाओदीला स्वतःला जागा नव्हती. आमच्याकडे लेक मेल्यावर बसते ती नवऱ्याच्या घरच्या देव्हाऱ्यात. लग्नच झालं नसेल तर तिला कुठेच पाट नाही. माहेरच्या देव्हाऱ्यात पितरांच्या नावांची पाटी असते, तिच्यावर हिचं नाव घालत नाहीत, माहेरच्या छपराखाली तिने जीव सोडला तरी घराला अशुभ म्हणतात. अशांची नावं लांब कुठल्या तरी मठात नेऊन ठेवतात, रांगेत, अनोळखी बायकांच्या शेजारी.

चाओदीला तेवढीच एक भीती होती. मरणाची नव्हती. पोटात गाठ निघाली, डॉक्टरने भावाला बाजूला घेऊन सांगितलं की वर्ष निघायचं नाही, आणि सगळ्यांनी तिच्यापासून लपवलं. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला म्हणाली, "लीजू स्वतःच्या अंड्यातलं पिवळं मला काढून देतेय गं. म्हणजे मी जाणार."

नवीन वर्षाच्या जेवणाला तिने भावाला सरळ विचारलं, "मी गेले की माझं नाव आईच्या शेजारी ठेवशील? जेवायला नको घालूस. नुसतं बसू दे."

कुनशान भातात बघत म्हणाला, "बघू ताई. पितरांना विचारावं लागेल."

आणि वसंतात त्याने विचारलं. आम्ही चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकून कौल लावतो. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. मोठी गोष्ट असेल तर असा होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो. प्रश्न मात्र मनातल्या मनात विचारायचा, तो विचारणाऱ्याचा आणि पितरांचा. चाओदी जिन्याच्या तोंडाशी हातात फळांची ताटली घेऊन उभी होती. तिने तिन्ही होकार डोळ्यांनी पाहिले. कुनशानने कपाळ टेकलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, पितर हो म्हणाले. आता तू निर्धास्त फिरून ये. मी जहाजाची खोली घेतो तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या गाडीवर आली ती उड्या मारायचीच बाकी. मी म्हटलं, "तू विचारलंस का त्याला, काय विचारलं म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? दुसरं काय विचारणार तो?"

"तरी पण."

"आलान, तुझ्या पोटात ना नेहमी आंबट. सूपमध्ये व्हिनेगर जास्त टाकतेस ते असं."

मी तिच्यापुढे सूपचा वाडगा सरकवला.

जहाजावर आमची बडदास्त काय विचारता. इतर लोक खाली रांगेत, आम्हाला वेगळं दार, वेगळी लिफ्ट, वेगळं जेवणघर. दिमतीला एक माणूस, एफ्रेन नावाचा फिलिपिनो, पन्नाशीचा, पांढरे हातमोजे. मोडकंतोडकं चिनी बोलायचा. आल्याआल्या त्याने विचारलं, उशी कसली हवी, पिसांची की धान्याची. मी म्हटलं, धान्य असेल तर शिजवून आण. तो बिचारा खरंच विचारात पडला. संडासाचं झाकण जवळ गेलं की आपोआप उघडायचं, त्याला चाओदी दरवेळी "माफ करा" म्हणायची. सकाळी एफ्रेन यायच्या आत ती दोघींची अंथरुणं आवरून ठेवायची, चहाचे कप धुऊन पालथे घालायची. त्याने हात जोडून विनवलं, "मॅडम, हे माझं काम आहे." ती म्हणाली, "मग तू बस, थकला असशील." आणि त्याला खुर्ची दिली.

जहाजावर उदबत्ती लावायला बंदी. विस्तव चालत नाही म्हणे. मग चाओदी जेवणाच्या आधी पहिलं फळ बशीत ठेवायची आणि घराच्या दिशेने हात जोडायची. पण जहाज वळायचं, तिला दिशा कळायची नाही. रोज एफ्रेनला विचारायची, "कीलुंग कुठल्या बाजूला?" तो बाहेर जाऊन विचारून यायचा आणि हातमोज्याच्या बोटाने दाखवायचा. ती त्या बाजूला तोंड करून सांगायची, "आई, आज पपई आहे. मी येतेच थोड्या दिवसांत. सरकून घे जरा." आणि हसायची. मी तिला एवढी हसताना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाथटबमध्ये मात्र उतरली नाही. एवढं पाणी एकट्या बाईला कशाला, म्हणाली. लहान टॉवेल भिजवून अंग पुसून घ्यायची.

ओकिनावाला जहाज लागलं, फोनला रेंज आली, आणि लीजूचा फोन माझ्या फोनवर. चाओदीच्या नाही, माझ्या. चाओदी आत पडली होती, मी गॅलरीत.

"आलानताई, मजेत ना दोघी? तब्येत बरी आहे ना तिची?" आवाजात अशी साखर की माझे दात शिवशिवले. "तुम्हाला एक सांगायचं होतं. परत आलात की तिला घरी आणायचं नाहीये. बंदरावर गाडी येईल. वान्लीला एक छान वृद्धाश्रम आहे, समुद्राकडची खोली घेतलीय. सामान पोचवलंसुद्धा. तिथून पुढे मठाशी बोलणं झालंय, नावाची जागा पण चांगली मिळतेय, वरच्या रांगेत."

मी म्हटलं, "आणि घरचा देव्हारा?"

"अहो, असं कसं चालेल? पुढच्या वर्षी आमच्या मुलाचं लग्न आहे. घरात तिचं काही बरंवाईट झालं तर? तुम्हाला का हे सांगायला हवं? यांनी पितरांना रीतसर विचारलं ना. तिला बाहेर ठेवू का, मठात नाव घालू का. तीनदा होकार आला."

माझं डोकं सणकलं. "मग हे मला कशाला सांगतेस? तुझ्या नवऱ्याला तोंड नाही?"

"ते फार हळवे आहेत हो. तुमचं ऐकते ती. तुम्हीच जरा समजावून सांगा. म्हणून तर तुम्हाला सोबत पाठवलं."

म्हणजे बघा, माझ्या पिसांच्या उशीखाली हे काम ठेवलं होतं. मी तिला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेजारच्या गॅलरीतला जपानी म्हातारा उठून आत गेला, एवढं पुरे.

मी चाओदीला फसवत कीलुंगपर्यंत न्यायची आणि बंदरावर तिच्या पुढ्यात गाडी उभी राहायची, हे माझ्याच्याने झालं नसतं. दुपारच्या चहाला एफ्रेनने तीन मजली तबकात केक मांडून दिले आणि गेला. चाओदीने वरचा एक उचलला, बशीत ठेवला, आणि दिशा विचारायला त्याला हाक मारणार तेवढ्यात मी म्हटलं, "बस. ऐक." आणि लीजू जे बोलली ते सगळं तसंच्या तसं सांगितलं. साखर पेरायला मला येत नाही.

तिने बशी टेबलाच्या मधोमध सरकवली. मग म्हणाली, "कुनशान घाबरट आहेच. लहानपणी वाऱ्याने दार आपटलं तरी माझ्या पाठीमागे लपायचा. बायको आहे, पोरगा आहे. घाबरणारच."

"घाबरट? नालायक आहे तो," मी म्हटलं. "तुझ्या जिवावर शिकला, आणि तुलाच जहाजात बसवून मागून खोली रिकामी केली. बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"त्याला कशाला देऊ? त्याने विचारलं फक्त." ती केककडे बघत होती. "हो कोण म्हणालं?"

मला आधी कळलंच नाही.

"बाबा म्हणाले ना. आई म्हणाली. मला बाहेर ठेवू का म्हणून विचारलं, तर हो म्हणाले. एकदा नाही, तीनदा. एकदा तरी नाही पडायला नको होतं, आलान?"

मी म्हटलं, "अगं, लाकडाचे तुकडे ते. पडायचे तसे पडतात."

"तुझा नवरा गेला तेव्हा त्याला थडग्याची जागा पसंत आहे का, ते याच तुकड्यांना विचारलंस तू. तेव्हा नाही म्हणालीस लाकूड."

तिला मी भावाविरुद्ध पेटवायला निघाले होते, भाऊ तिच्या खिजगणतीतही नव्हता. बापाचं अंग पुसणारे हात तिने मांडीवर उलटे ठेवले होते. बशीतला केक तिने उचलला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. पोटात गाठ असलेली बाई, सगळं तबक संपवलं तिने. मग एफ्रेनला बोलावून म्हणाली, "टब भर. गरम."

त्यानंतर तिने दिशा विचारली नाही. एफ्रेन आपणहून सांगायला आला, "मॅडम, आज कीलुंग या बाजूला," तर ती म्हणाली, "असू दे." सकाळी अंथरूण तसंच टाकून उठायची. कप धुवायची नाही. मोठा शेवंडा मागवायची, अर्धा टाकून द्यायची. बिछान्यावर पाय पसरून बसायची आणि त्या माणसाकडून मोजे चढवून घ्यायची. सुइटमध्ये राहणाऱ्या बायका कशा राहतात ते तिला अखेर जमलं. बघताना माझं काळीज तुटत होतं. पुन्हा ती माझ्याशी चांगलंच बोलत होती, हवापाण्याचं, जेवणाचं. तेच जास्त वाईट होतं.

कीलुंगला उतरलो तेव्हा पाऊसच होता. सुइटवाल्यांना आधी सोडतात, म्हणून कुनशान तयारीत नव्हता, छत्री उघडत धावत आला. मागे वृद्धाश्रमाची पांढरी गाडी. लीजू गाडीपाशीच थांबली, गुडघे दुखत असतील. कुनशानने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं का, असं विचारत होते त्याचे डोळे. मी तोंड फिरवलं. त्याने बहिणीच्या डोक्यावर छत्री धरली, स्वतः भिजत राहिला. साठीचा माणूस. खोटं नाही सांगत, रडतच होता तो.

"ताई, कशी होती खोली? आवडली?"

"छान होती," ती म्हणाली.

"ताई, आधी घरी चल ना. गाडी थांबेल. एकदा वर जा, उदबत्ती लाव. आईबाबांना सांग की परत आलीस म्हणून. ते वाट बघत असतील."

चाओदीने छत्रीखालून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा शर्ट खांद्यावर भिजला होता, तो तिने सवयीने हाताने झटकला.

"तुझे आईबाप आहेत," ती म्हणाली. "तूच लाव."

आणि गाडीचं दार तिने स्वतःच उघडलं.