एक अक्षर दोन जागी

ती घटना आजही आठवते, कारण ती विसरावी असा सल्ला मला वरून मिळाला होता.

मी भोपाळमध्ये पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अयोध्या नगरच्या कडेला पाइपलाइनसाठी खोदताना मानवी हाडं निघाली. आम्ही अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली. आमच्याकडे तिला मर्ग म्हणतात. दोन दिवसांनी बिट्टन मार्केटचा एक भाजीवाला ठाण्यात आला. तो त्याच खोदकामाजवळ राहायचा. म्हणाला, "साहब, एक ग्राहक हर हफ्ते पूछता है, तुम्हारी तरफ खुदाई कहाँ तक पहुँची? सब्ज़ी कभी-कभी लेता है."

तो ग्राहक एका बेपत्ता तंत्रज्ञाचा जिगरी दोस्त निघाला. तंत्रज्ञाची आई मूळची नागपूरची. मुलगा बेपत्ता झाल्यापासून तिने ना कुंकवाचा करंडा सुनेपासून काढून घेतला, ना श्राद्ध घातलं. आधी कळू दे, म्हणायची.

हाडं जुनी, नेहमीचा डीएनए निघेना. म्हणून मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. तो फक्त आईकडून मिळतो. अहवाल आला: आईशी जुळत नाही.

चौकशीला बोलावलेला दोस्त खुर्चीत रेलला. "साहब, मशीन ने तो छोड़ दिया. आप कब छोड़ेंगे?"

वरिष्ठांनी फाइल बंद करायला सांगितलं. विज्ञानापुढे वाद नाही, हे ते अशा थाटात म्हणाले जणू विज्ञान त्यांच्याच हाताखाली काम करत होतं.

आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, माझंच रक्त मले ओळखत नाही काय?"

त्या संध्याकाळी मी अहवालाचं परिशिष्ट वाचलं. ते सहसा कोणी वाचत नाही. हाडाचा नमुना एका सॉफ्टवेअरवर तपासला होता, आईचा दुसऱ्यावर. डीएनए अक्षरांच्या ओळीसारखा वाचतात; दोन्ही याद्यांत तुलनेसाठी धरलेल्या प्रमाण ओळीपेक्षा एकेक अक्षर जास्त दाखवलं होतं, पण जागा वेगळी. म्हणून दोन फरक, म्हणून जुळत नाही.

माझ्या आडनावात ळ आहे. नागपूरच्या शाळेच्या दाखल्यावर ळ, इथल्या सेवापुस्तकात ल. संगणकाने मला दोन माणसं ठरवलं होतं आणि मी एकच आहे असं प्रतिज्ञापत्र मलाच द्यावं लागलं होतं. मी परवानगी न घेता प्रयोगशाळेत गेलो.

तिथल्या तरुण तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सर, दोनों सॉफ्टवेअर सर्टिफाइड हैं."

"मॅडम, सर्टिफाइड तो मैं भी दो बार हूँ. असली अक्षर अगल-बगल रखिए."

त्यांनी ठेवली. एका ठिकाणी तेच अक्षर ओळीने अनेकदा येत होतं. जास्तीचं अक्षर एका सॉफ्टवेअरने त्या रांगेच्या सुरुवातीला धरलं होतं, दुसऱ्याने शेवटी. त्यांनी बोटाने दोनदा मोजलं. मग हळूच म्हणाल्या, "सर, ये तो एक ही है."

सुधारित अहवाल आल्यावर वरिष्ठ खूश. "अब तो मशीन ने पक्का कर दिया!" मी तेव्हाही मान डोलावली नाही. टिपणीत लिहिलं: यावरून फक्त आईचा वंश एक ठरतो, सख्ख्या भावाचा, मावसभावाचाही असाच जुळेल. तंत्रज्ञाचा एकुलता भाऊ तर माझ्यासमोर चहा पीत होता. मावशीला दोन मुलीच, आणि हाडं पुरुषाची. तरीही मला माणसाच्या तोंडून काहीतरी हवं होतं.

दोस्ताला पुन्हा बसवलं. एवढंच म्हणालो, "हड्डियाँ उसी की हैं."

तो खुर्चीत सरळ बसला. मग त्याने विचारलं, "और घड़ी?"

घड्याळाचा उल्लेख आम्ही कुणीच केला नव्हता. ते आम्हाला मिळालंच नव्हतं. त्याने पंचांसमोर जागा दाखवली. हाडांपासून चार पावलांवर, हातभर खाली, तंत्रज्ञाचं घड्याळ निघालं.

यंत्रावर माझा राग नाही. राग आहे तो निष्कर्षाची ओळ वाचून टोपी काढणाऱ्यांवर. दोन यंत्रांचं पटत नसेल, तर आधी ती एकच गोष्ट दोन तऱ्हेने लिहीत नाहीत ना, हे बघावं. एवढं विचारण्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही, थोडं उद्धट असावं लागतं.

अस्थींचा डबा आईच्या हाती दिला तेव्हा ती रडली नाही. डबा मांडीवर घेऊन बसली, झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, त्या मशीनवाल्यायले कोणी सांगितलं काय, चुकलं म्हणून?"

कोणी सांगितलं नव्हतं. सुधारित अहवालात 'चूक' हा शब्दच नव्हता. म्हणून इथे लिहितो: चुकलं होतं.