वट्ट्यावरची शर्यत

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. परभणीतल्या एका दुकानात मी रंगीत दिव्यांचा गेमिंग लॅपटॉप जवळजवळ ठरवला होता. तेवढ्यात पन्नाशीच्या त्या बाई आल्या. त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या आणि शेजारच्या जाड काळ्या लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहिला.

"मुलासाठी बघताय?" दुकानदाराने विचारलं.

"न्हाई, मीच खेळते. दोन्ही बाहेर वट्ट्यावर लावा. आमच्या गावी, पिंगळीत, घरी एसी न्हाई."

मे महिन्यातली दुपार होती. दुकानासमोरच्या ओट्यावर वायर ओढून आणली. पदर खोचून बाई मांडी घालून बसल्या आणि त्यांनी दोन्हींवर एकामागून एक गाड्यांची शर्यत लावली. रंगीत दिवेवाला थोड्याच वेळात तापला, गाडी अडखळायला लागली. काळ्याचे पंखे नुसते घोंघावत होते, पण गाडी सुसाट पळत होती.

"काळ्यात मेमरी कमी आहे," दुकानदार कुरकुरला.

"मेमरी मागून वाढवता येते. ग्राफिक्स कार्ड अन् थंड राहायची अक्कल मागून न्हाई बसवता येत."

बोलता बोलता त्यांनी शर्यत जिंकली. दोन्ही हात वर गेले, बांगड्या खणखणल्या. रस्त्यावर बघायला थांबलेले लोकही ओरडले.

घामाने निथळत त्या म्हणाल्या, "लय भारी! हाच बांधा."

"दोन बांधा," मी म्हणालो.