बिननावाची परात

माझी सासुरवाडी चांदूर बाजारच्याही उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाला एक जुना तलाव आहे आणि तलावाइतकाच जुना संशय.

पूर्वी म्हणे लग्नघरच्या माणसानं संध्याकाळी काठावर सुपारी ठेवली, की सकाळी पंगतीची भांडी पाण्यावर हजर. जेवणं उरकली की घासून परत करायची. एका घरानं एक परात ठेवून घेतली आणि तलावानं हात आखडला. कोणत्या घरानं? ते सगळ्यांना ठाऊक आहे : शेजारच्या. म्हणून इथं चमच्यावरसुद्धा नाव कोरतात, आणि लग्नात पंगतीआधी दोन म्हातारे भांडी उपडी करून नावं पाहतात. बिननावाचं भांडं म्हणजे तलावाचं.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला मास्तर. गावाचा इतिहास लिहा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी घेतला लिहायला. यंदा धाकट्या साळीच्या लग्नात पुरावे शोधत सासऱ्यांच्या माळ्यावर चढलो, तर पोत्याखाली भली जड पितळी परात. ती डोक्यावर घेऊन थेट त्या म्हाताऱ्यांसमोर उतरलो आणि तिच्या जुनेपणावर व्याख्यान सुरू केलं.

एकानं परात उपडी केली. बोट फिरवलं.

"जावईबापू, कोनाची होय हे?"

वरपक्ष पलीकडच्याच गावचा, गोष्ट त्यांनाही पाठ. चोराच्या घरचं जेवायचं कसं, अशी कुजबुज सुरू झाली. न जेवता ते उठले असते तर साळीचं लग्न तिथंच मोडलं असतं. सासरे माझ्याकडे बघत होते. ती नजर मी अजून विसरलो नाही.

तेवढ्यात सासूबाई वाढायचा पळा घेऊनच आल्या. "जावयाचा आहेर हाय तो. नाव टाकाचं राह्यलं. मास्तर हायेत, इसरतात."

मी मुकाट मान हलवली. लोक जेवले, संशयानं, पण दोनदा वाढून घेऊन.

दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारात जाऊन मी परातीवर माझं नाव कोरून आणलं. साळीनं ती सासरी न्यायला साफ नकार दिला, म्हणून ती अकोल्याला माझ्याकडे आली. खरं काय, असं सासूबाईंना हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या नावाची हाय, मले काय इचारता?"

आता त्या गावचं कुणी दवाखान्याच्या कामानं अकोल्यात आलं, की चहाला येतं आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावतं. परवा तोच म्हातारा आला. परात उपडी केली, माझं नाव वाचलं, नखानं खरवडलं.

"परात जुनी हाय," तो म्हणाला, "पन अक्षरं नवी दिसून राहिली."